एका तोंडाचे स्क्रू

"लग्नाच्या वेळी मी बिजवर नाकारला होता," राधाकाकूंनी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा डबा एका बोटाने परत सरकवला. "फोनही बिजवर घेणार नाही. नवा द्या."

काउंटरपलीकडच्या अपूर्वाला बिजवर म्हणजे दुसरेपणाचा नवरा, हे कळलं नसावं. "मॅडम, वॉरंटीत बदलून रिफर्बिश्डच मिळतो. कार्डावर लिहिलंय."

"कशाने, मुंगीच्या पायाने? माझा तीन महिन्यांचा फोन आपला आपण मेला. त्याच्या बदल्यात कुणीतरी टाकलेला घेऊ?" काकू वळल्या. "मेहजबीन, बोल की! तू फोनच्या कंपनीत आहेस ना?"

मेहजबीनला याचीच धास्ती होती. कंपनीत ती होतीच. पण खराडीच्या त्या कंपनीत परत आलेले फोन उघडून, दुरुस्त करून, तपासून असेच डब्यात घालतात. सोसायटीतले सगळे समजत, ती नवे फोन बनवते. सहा वर्षं तिने समजू दिलं होतं. 'जुनं पुसून विकता का?' हे एकदा नणंदेकडून ऐकलं होतं, तेवढं पुरलं होतं.

काही तरी करायचं म्हणून तिने डबा उघडला आणि सवयीने पर्समधलं भिंग डोळ्याला लावलं. ते भिंग अब्बांचं. अल्लाबक्ष रविवार पेठेत घड्याळं दुरुस्त करायचे. झाकण लावताना सगळ्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आणायचे. "स्क्रू एका तोंडाचे पाहिजेत," म्हणायचे. "घड्याळ त्याने जास्त चालत नाही. पण आपण मन लावून काम केलं, हे आपल्याला कळतं."

फोनचं काम ती व्हिडिओ बघून आपली आपण शिकली, पण ही खोड अब्बांची. चार्जिंगच्या भोकाशेजारी चांदणीसारख्या खाचेचे दोन स्क्रू असतात. दोन्ही चांदण्यांचं एक टोक ती बरोबर काचेकडे ठेवायची. शेजारच्या टेबलावरचा फैझल हसायचा, "आपा, बघणारे कोण?"

भिंगात दोन्ही चांदण्या काचेकडे तोंड करून उभ्या होत्या.

 मेहजबीनने भिंग काकूंच्या हातात दिलं.

"काकू, हा मी केलाय."

"काय केलंयस?"

"हा फोन. मी नवे बनवत नाही, परत आलेले नीट करते. हा नवा नाहीच. बॅटरी बदललीय, काच बदललीय, एकेक गोष्ट मी स्वतः तपासलीय. घ्या असं म्हणत नाही. पण टाकलेला म्हणू नका."

काकूंनी भिंगातून बराच वेळ बघितलं. मग अपूर्वाकडे. "वॉरंटी?"

"उरलेले नऊ महिने तशीच, मॅडम."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मी आहेच की, दोन जिने खाली," मेहजबीन म्हणाली.

"मग सहा वर्षं तोंडात काय मूग धरले होतेस?" काकूंनी सही ठोकली. "आम्ही आपले गल्लीबोळात दुरुस्तीची दुकानं शोधत हिंडलो!"

रिक्षात बसल्या बसल्या काकूंनी बहिणीला पहिला फोन लावला. आवाज नेहमीसारखाच, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल असा.

"मिळाला गं फोन... छे, नवा कुठला! बिजवरच आहे. पण स्थळ घरातलं निघालं. आमच्या मेहजबीनच्या हातचा आहे."

मेहजबीन बाहेर बघत राहिली. भिंग तिच्या मुठीत गरम झालं होतं.