भिंगातला कोळसा

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. रुपयाहून लहान, पितळी झाकणात घडी होऊन बसणारं. माझी काच विलायतेत घासली गेली. १९२६ साली भूगर्भ सर्वेक्षणाच्या एका कचेरीने मला विकत घेतलं आणि हरिहरराव नावाच्या तरुण पदवीधराच्या गळ्यात दोरीने अडकवलं.

माझं काम सोपं. मला डोळ्याशी धरायचं आणि दगड माझ्याजवळ आणायचा, की दगडातला कण दसपट मोठा दिसतो. जांभ्यातली गंजकी भोकं, काळ्या कातळातले काचेसारखे कण, सगळं मी हरिहररावांना दाखवलं. "हे नसेल तर मी आंधळाच," असं ते म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे. एकच उणीव होती. मला एका वेळी मसुराएवढी जागा दिसते. तिच्या पलीकडे काय आहे, किती आहे, हे मला कळत नाही.

१९३१ चा शिमगा झाला आणि मालगुंडच्या आतल्या एका वाडीतून निरोप आला. शेतात विहीर खणताना जांभ्याखाली काळा दगड लागला होता, आणि तो जळत होता! शेत शिवाचं. शिवा मुंबईला गिरणीत माग चालवी आणि सणाला रजेवर आला होता. त्याची बायको मालन तान्ह्या मुलीला घेऊन बांधावर उभी होती.

हरिहररावांनी शेताच्या दोन्ही टोकांना खणून पाहिलं. काळा थर मधोमध करंगळीएवढा जाड होता आणि दोन्हीकडे निमुळता होत संपला होता. फार पूर्वी एखाद्या डबक्यात कुजून दबलेला पालापाचोळा, एवढंच. हरिहररावांना ते तिथेच कळलं.

"सायब, कोलसाच हाय ना?" शिवाने विचारलं.

"त्याच जातीचा आहे."

"बगू द्या की जरा."

हरिहररावांनी मला त्याच्या हातात दिलं. माझ्यातून तो खडा डोंगराच्या कड्यासारखा दिसला, काळा आणि लखलखीत.

"आयला! केवडा ह्यो!"

मग मालनने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आता मुंबय नको," ती हळूच म्हणाली.

शिवाची आत्या गोदूबाई हसली. "मुंबयचा धूर पुरला नाय वाटतं! आता घरचा खाणार!"

"सायब, हितं खाण व्हईल?"

जागेवर कुणाला काही सांगायचं नाही, असा कचेरीचा नियम होता. अफवा उठतात, जमिनींचे भाव चढतात. "अहवाल वर जाईल, मग कळेल," हरिहरराव म्हणाले आणि चालू लागले.

मागून शिवाचा आवाज आला, "कोलसा नाय आसता, तर सायबांनी तोंडावरच 'नाय' म्हटलं असतं."

अहवाल वर गेला. 'खाणीजोगा साठा नाही' असं उत्तर आलं आणि कचेरीतच राहिलं. वाडीला कळवणं हे कुणाचं कामच नव्हतं.

पुढच्या थंडीत हरिहरराव त्याच वाटेने निघाले होते. शेताच्या जागी खड्डे होते. भात लावायला जमीनच उरली नव्हती. शिवा खड्ड्यात उभा होता. गिरणीत त्याच्या मागावर केव्हाच दुसरा माणूस आला होता.

"शिवा, थांब," हरिहरराव म्हणाले. "इथं काही नाही. तेव्हाही नव्हतं."

शिवा वर बघत राहिला. खड्ड्याच्या काठावरून बोलली ती मालन. "तवाच बोलला असता, तर ह्ये मुंबयच्या बोटीत बसले असते. मीच नको म्हटलं यांना."



"भिंग द्या," शिवा म्हणाला. त्याने खिशातून एक खडा काढला आणि मला डोळ्याशी धरलं. मी दाखवलं. मला दुसरं काय येतं?

"मालन, बग ना. केवडा हाय!"

मालनने हात पुढे केला नाही.

त्या दिवसापासून हरिहररावांनी मला गळ्यात घातलं नाही. इथल्या दमट हवेत माझ्या काचेवर बुरशीचे धागे पसरले आहेत आणि मी टेबलाच्या खणात पडून आहे.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं भिंग तुम्हाला मिळालं, तर मऊ फडक्याने पुसत जा. पण ते कुणाच्या हाती देण्याआधी, जे आहे ते किती आहे, हे आपल्या तोंडाने सांगा. ते आम्हाला सांगता येत नाही.