खुर्चीखालचे डाग

गालिचे धुणाऱ्या बाईला सगळे डागवाल्या ताई म्हणत, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वीस वर्षं गुडघे टेकून तिनं लोकांच्या घरची सांडलवंड निस्तरली होती.

त्या दुपारी तिला एका शिक्षिकेनं बोलावलं. "बाबांच्या खोलीत चहा सांडलाय. एकच डाग आहे," म्हणाली आणि राहिलेल्या वह्या आणायला शाळेत पळाली.

बाबा म्हणजे म्हातारे घड्याळजी. दुकान बंद करून दोन वर्षं झालेली. दोन्ही हात खिशात घालून ते खिडकीपाशी उभे होते.

डाग ताजा होता. ताईनं कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि थोडं व्हिनेगर मिसळलं आणि पांढऱ्या फडक्यानं कडेकडून आत टिपायला घेतलं.

"घासत का नाही?" घड्याळजींनी विचारलं.

"घासलं की डाग आत मुरतो आणि लोकर पिंजते, काका. नुसतं टिपायचं." डाग खुर्चीच्या पायापर्यंत गेला होता. "जरा खुर्ची सरकवते हं."

"नको! जड आहे. राहू द्या."

तोवर खुर्ची सरकलीही होती. खाली डागच डाग. चहाचे, कॉफीचे, सूपचे. काही तर इतके घासलेले की गालिच्याची वीण उघडी पडलेली. ताईनं वर पाहिलं. घड्याळजींचा उजवा हात खिशाबाहेर आला होता आणि त्याची थरथर काही केल्या आवरत नव्हती.

"केसाएवढे स्क्रू बसवलेत या हातानं," ते म्हणाले. "आता साधा कप धरवत नाही. मुलीला सांगू नका. घरचं सगळं एकटी ओढते, त्यात माझी भर कशाला?"

ताईचा जीव कळवळला. "मी नाही सांगणार, काका. पण ओला गालिचा झाकला तर कुबट वास धरतो. खुर्ची उद्यापर्यंत बाजूलाच राहणार, म्हणजे तिला दिसणारच. काय सांगायचं ते तुम्ही बघा."

घड्याळजी पलंगाच्या कडेवर टेकले. ताई एकेक डाग टिपत राहिली.

मुलगी आली ती दारातच थबकली. "अगं बाई! हे काय?"

"माझे प्रताप," घड्याळजी म्हणाले. "सहा महिने झाले, हात थरथरतो. म्हणून खोलीतच जेवतो."

"म्हणून?" वह्यांचा गठ्ठा पोटाशी धरून ती तशीच खाली बसली. "मला वाटलं, माझ्यावर रुसलात. दुकान बंद करा म्हणून मीच मागे लागले होते ना. रोज टेबलावर तुमचं ताट मांडायचे आणि परत उचलायचे."

"वेडी की काय? तुझ्यावर कशाला रुसू?"

ती रडली, मग हसली, मग डोळे पुसत डॉक्टरांचा नंबर शोधू लागली. "एवढी घाई काय आहे?" असं घड्याळजी दोनदा म्हणाले, पण कुणी ऐकलं नाही.

तीन सोडून सगळे डाग गेले. त्या तीन ठिकाणी घासून घासून वीणच संपली होती. ताईनं ते स्पष्ट सांगितलं, उगाच आशा लावली नाही.

महिन्याभरानं शिक्षिकेचा फोन आला. औषधानं थरथर निम्म्यावर आली होती, आणि बाबा आता टेबलाशी बसून जेवत होते.

"सांडतं का काही?" ताईनं विचारलं.

"सांडतं की! पण काल त्यांनी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची अशी काही नक्कल केली, की हसता हसता सगळा चहा माझ्याच हातून सांडला."