टायरांमागची घोंगडी

पिकअप बायपासवरून आत वळताना दिसली, तशी बद्रीनाथनं खुर्चीवरची घोंगडी ओढली आणि जुन्या टायरांच्या मागं कोंबली. कोंबली म्हणजे अर्धीच. एक टोक बाहेर लोंबत राहिलं. तेवढ्यात गाडी दारात येऊन उभी राहिली आणि बद्रीनाथ हात पुसत, काहीच झालं नाही असा चेहरा करून पुढं झाला. असा चेहरा करणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"काय झालं हो?" काउंटरमागून सुलेखानं विचारलं. "एवढी कसली धांदल?"

"काही नाही. गिऱ्हाईक आलंय."

"गिऱ्हाईक आलं की माणसं हसतात. तुमचं तोंड बघा."

सुलेखा त्याची बायको. गॅरेजमधले फोन, पार्सल, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे सगळं तिच्याकडं. गाड्यांची पोटं उघडणं बद्रीनाथकडं. नवऱ्याच्या तोंडावरची रेघ हलली तरी तिला कळायची, त्यामुळं तिच्यापासून काही लपवून ठेवणं म्हणजे जिवाला घोरच. पण एक गोष्ट त्यानं वर्षभर लपवली होती, आणि ती आत्ता दारात उभ्या असलेल्या गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये होती.

सोमनाथ खाली उतरला. पाचोडकडचा, अठ्ठावीसेक वर्षांचा, मेंढरं-बकऱ्या भरून बाजारोबाजार फिरणारा गडी. अंगात नुसता भोवरा. उतरल्या उतरल्या त्यानं टायरला लाथ मारून हवा बघितली, बॉनेटवर थाप मारली, किल्ली बोटावर गरगर फिरवली आणि कुणी बस म्हणायच्या आत खुर्ची ओलांडून भिंतीपाशी जाऊन परत आला.

"बद्रीभाऊ, गाडीचं कायतरी करा. ईद तोंडावर आलीय. सोयगावहून बकऱ्या भरून अजिंठ्याचा घाट चढायचा म्हणलं की दम तुटतो हिचा. परवा मधीच उभी राहिली. दोन बकऱ्या उन्हानं गेल्या माझ्या. डोळ्यादेखत गेल्या, लई वंगाळ वाटलं."

"लोड किती भरतो?"

"भरतो तेवढाच. मला पळवायची नाय, भाऊ. मला ओढ पायजे."

ओढ वाढवायच्या दोन वाटा होत्या. एक डबा: इंजिनाच्या वायरींच्या मध्ये बसतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो की डिझेलचा दाब कमी आहे. कॉम्प्युटर बिचारा विश्वास ठेवतो, दाब वाढवतो, गाडी ओढू लागते. आतलं काहीच बदलत नाही. दुसरी वाट रिमॅपची: कॉम्प्युटरमधली फाईलच बाहेर काढायची, गाडीच्या कामाप्रमाणं तिच्यातले आकडे नव्यानं बसवायचे आणि परत आत भरायची.

बद्रीनाथ डब्याचा हाडवैरी होता. 'डबा म्हणजे कॉम्प्युटरला चुना लावणं' असा त्याचा एक व्हिडिओ गावोगावच्या ड्रायव्हरांच्या मोबाईलवर फिरत होता. शिवाय त्याच्या गॅरेजचा एक नेम होता: रिमॅप करताना आधीची फाईल आणि नंतरची फाईल भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर शेजारी शेजारी लावायची, आणि काय बदललं ते एकेक ओळ गिऱ्हाइकाला दाखवायचं. याच नेमावर त्याचं नाव झालं होतं. आज तोच नेम त्याच्या गळ्याशी आला होता.

कारण आधीच्या फाईलमध्ये एक ओळ होती: कमाल वेग सत्तर. ती बद्रीनाथनंच घातली होती, सोमनाथच्या बापाच्या सांगण्यावरून.

मल्हारराव वर्षापूर्वी आला होता. गाडी सर्व्हिसिंगला टाकतो असं पोराला सांगून, गावातल्या कुणालातरी स्टिअरिंगवर बसवून. डोक्याला तांबडं मुंडासं, हातात काठी. मेंढरांमागं आयुष्य गेलेला माणूस गॅरेजमधल्या एसीच्या खोलीत अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "थोरला पोरगा हनुमान आडूळच्या पुढं मोटारसायकलच्या अपघातात गेला. तवापासून हे धाकटं जास्तच बेभान चालवाया लागलं. माझं ऐकत नाय. गाडीचं तरी ऐकंल."

"त्याला कळेल हो मामा. गाडी सत्तरच्या वर जाईना म्हटल्यावर कळणारच."

"म्हणंल गाडी जुनी झाली. उधळ्या बोकडाच्या गळ्यात आम्ही लोढणं बांधतो. लाकडाचा ओंडका, पायात येतो. बोकड लाकडावर चिडतं, बांधणाऱ्यावर नाय चिडत. त्याला कळतच नाय कुणी बांधलं ते. तुमी फकस्त बोलू नका."

बद्रीनाथनं उभं आयुष्य गाड्या पळवायचा धंदा केला. गाडी पळू नये म्हणून कुणी पहिल्यांदाच आलं होतं. त्यानं शब्द दिला. आठ दिवसांनी म्हातारा परत आला आणि घरच्या लोकरीची घोंगडी खुर्चीवर ठेवून गेला. तेव्हापासून बद्रीनाथ रोज तिच्यावर बसायचा आणि रोज त्याला वाटायचं, आज तो पोरगा तक्रार घेऊन येणार. पोरगा आला नाही. आला तो आज, आणि तोही ओढ मागत.

"डबा लावू," बद्रीनाथ म्हणाला.

सुलेखानं हातातलं पेन खाली ठेवलं. "डबा? तुम्ही?"

"प्रत्येक गाडी बघून सांगावं लागतं."

"अगं बाई! काल त्या जीपवाल्याला एवढं झापलंत डब्यावरून. बिचारा पळून गेला."

"तू जरा पार्सलचं बघ ना."

सोमनाथनं किल्ली फिरवायची थांबवली. "भाऊ, तुमचा व्हिडिओ धा वेळा बघून आलोय मी. फाईल बदला म्हणायला आलोय. आन तुमीच डबा म्हणता?"

"डबा कधीही काढता येतो. गाडी जशीच्या तशी राहते. मोबाईलवरून कमी-जास्तही करता येतं, घाटात वाढव, खाली आलास की कमी कर." बद्रीनाथ बोलत होता, आणि स्वतःचीच त्याला शिसारी येत होती. हे सगळं डबेवाल्यांचं बोलणं होतं, शब्द न् शब्द. त्यानं पाना उचलला, कारण नसताना पुसला, परत ठेवला.

"म्हंजे डबा लावला तर आतलं आहे तसंच राहतं?"

"तसंच."

"आन फाईल बदलली तर सगळं टीव्हीवर दिसतं."

"दिसतं," बद्रीनाथ म्हणाला.

सोमनाथनं त्याच्याकडं पाहिलं, मग सुलेखाकडं. "वहिनी, समोरच्या टपरीवरचा च्या मिळंल का? लई उन्हातून आलोय."

सुलेखा दोघांकडं आळीपाळीनं बघत उठली. काहीतरी शिजतंय हे तिला कळलं होतं, पण चहा मागणाऱ्याला नाही म्हणणं तिच्या जिवावर यायचं. ती रस्ता ओलांडून जाईपर्यंत सोमनाथ दाराकडं बघत राहिला. मग टायरांच्या ढिगापाशी गेला, वाकला आणि बाहेर लोंबणारं टोक बोटांत धरलं. काळ्या लोकरीला कडेनं तांबड्या दोऱ्याचा टाका होता.

"ही टीप आमच्या आईची हाय. म्हाळसाबाईचा टाका मी कुठंबी वळखीन. आमची घोंगडी अशी टायराच्या मागं ठिवता व्हय?"

बद्रीनाथला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "सोमनाथ, ऐक. तुझ्या वडलांनी..."

"मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"सत्तर. गेल्या दिवाळीतच कळलं. अंबडच्या मिस्त्रीनं मशीन लावून सांगितलं, म्हणला लॉक मारलंय कुणीतरी, काढून देतो. कुणी मारलं ते मला इचारायची गरज पडली नाय. आबा त्या दिवशी सर्व्हिसिंगच्या नावानं गाडी घिऊन आले व्हते, आन घरी आल्यावर माझ्याकडं बघतच नव्हते." तो पुन्हा चालायला लागला, भिंतीपर्यंत आणि परत. "पयल्यांदा लई राग आला. रातभर झोप नाय. सकाळी मिस्त्रीकडं गेलो, आन तसाच माघारी आलो."

"का?"

"आबा येशीत उभे व्हते. मी परत येस्तोवर उभे राहतात रोज. हनुमानदादा गेल्यापासून."

वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा असा दुसऱ्याच कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं बद्रीनाथला हलकं वाटलं आणि लाजही वाटली.

"मग डबाच लाव म्हण ना," तो शेवटी म्हणाला. "लॉक जागेवर राहील, ओढही मिळेल."

"डबा नको. मोबाईलवरून वाढतो म्हणता ना? मग मी फुल करीन. माझा मला भरवसा नाय, भाऊ. आबा शेजारी नसले की काटा सत्तरला अडकस्तोवर पाय उचलतच नाय माझा. परवा अंबिका शेजारी व्हती, माझी बायको. पाचवा म्हैना चालू हाय तिला. वळणावर बी माझा पाय तसाच. ती बोलली नाय कायबी. तिनं दारावरची मूठ धरली, ती घर आल्यावर बी सुटंना." त्याचा आवाज फाटला. त्यानं खाकरून तो सावरला. "माझ्या हातात राहील असं कायबी नको. फाईल बदला. खालची ओढ वाढवा. आन वरचं सत्तर हाय, ते साठ करा."

बद्रीनाथनं लॅपटॉप जोडला. फाईल बाहेर यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात सोमनाथनं गॅरेजच्या चार फेऱ्या घातल्या. आकडे टीव्हीवर उमटले. बद्रीनाथनं खालच्या गियरची ओढ वाढवली, धुराचं गणित पाहिलं, गरमीचं पाहिलं. हे काम त्याचं लाडकं होतं आणि हात आपोआप चालत होते. शेवटी वेगाच्या ओळीवर येऊन त्यानं सत्तर खोडून साठ लिहिलं. आता फक्त एक बटण दाबायचं होतं.

तेवढ्यात लॅपटॉपशेजारी ठेवलेला फोन वाजला. 'मल्हारराव पाचोड.' नाव दोघांनीही वाचलं.

"स्पीकरवर घ्या," सोमनाथ हळूच म्हणाला. "मी नाय आलो अजून."

"हां, बोला मामा."

"बद्रीभाऊ, पोरगं पोचलं का?"

"नाही अजून."

"ब्येस झालं. कॉम्प्युटर उघडाया येतोय तो. तेवढं गुपचूप ते काढून टाका."

"काय काढू?"

"लोढणं हो." मागं मेंढरांचा कालवा ऐकू येत होता, म्हाताऱ्यानं आवाज चढवला. "निवळलं पोरगं. शेजारी बसून बघतो ना मी. काटा पन्नाशीच्या वर जात नाय. जनावर निवळलं की आम्ही लाकूड सोडतो, उगं ठिवत नसतो. त्याच्या आईला बी सांगितलं मी, सोमा आता आपल्या मनानं सावकाश चालवतो म्हणून. दोन घास जादा जेवली ती काल."

सोमनाथ जागच्या जागी उभा होता. किल्ली मुठीत गच्च धरलेली. बद्रीनाथनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, काय करू, म्हणून. आता तूच सांग, म्हणून.

सोमनाथनं किल्ली खिशात टाकली आणि दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याचं एक.

"काढतो, मामा," बद्रीनाथ म्हणाला आणि बटण दाबलं.

"त्याला सांगू नका मातर."

"नाही सांगत."

फोन बंद झाला. टीव्हीवरची हिरवी पट्टी सावकाश भरत गेली. सोमनाथनं टायरांमागून घोंगडी ओढून काढली, दारात नेऊन दोनदा झटकली आणि पुन्हा खुर्चीवर नीट चौघडी घालून ठेवली. मग आल्यापासून पहिल्यांदाच तो खाली बसला.

सुलेखा चहा घेऊन आली. नवऱ्याकडं, मग पाहुण्याकडं, मग टीव्हीकडं तिनं पाहिलं. डावीकडं सत्तर, उजवीकडं साठ.

"अहो, हे उलटं झालंय," ती म्हणाली. "वेग कमी झालाय याचा."

"उलटं नाय, वहिनी," सोमनाथनं डोळे पुसत चहाचा कप घेतला. "बराबर हाय ते."