दुसरी नळी

“धार वाकडी झालीय,” मी म्हटलं आणि मशीन थांबवलं.

“म्हणजे?” सर माझ्या खुर्चीच्या मागे उभे होते. इतके जवळ, की त्यांच्या खिशातल्या किल्ल्या माझ्या कानाशी वाजत होत्या.

“म्हणजे मशीनच्या तोंडात काहीतरी अडकलंय. ते काढून धुवावं लागेल.”

“आत्ता?”

‘नाही, पुढच्या महिन्यात,’ असं अगदी जिभेवर आलं होतं. पण सर मोठा माणूस, तिसऱ्या मजल्यावरची अख्खी प्रयोगशाळा त्यांची. मी गिळलं.

शेजारच्या स्टुलावर त्यांची विद्यार्थिनी बसली होती. तिला मी मनातल्या मनात बर्फवाली म्हणते, कारण चार वर्षं मी तिला बर्फाच्या डब्याशिवाय पाहिलेलं नाही. तो डबा आत्ताही तिच्या मांडीवर होता आणि तिचा चेहरा त्या बर्फापेक्षा पांढरा पडला होता.

“गाळलं होतं ना आपण?” ती म्हणाली.

“दोनदा गाळलं. मी स्वतः.”

गाळण्याबद्दल मला कुणी शिकवू नये. माझ्या दारात पाऊल टाकणाऱ्याला मी आधी विचारते, “गाळून आणलंस का?” म्हणून तर सगळी इमारत मला गाळणीबाई म्हणते. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. विद्यापीठाच्या या संशोधन केंद्रात तळमजल्यावरचं मशीन बावीस वर्षं मी चालवते. वरच्या चार मजल्यांवरचे लोक आपापल्या पेशी घेऊन माझ्याकडे येतात. मी त्या बारीक धारेतून एकेक करून लेझरसमोरून सोडते. कुठली पेशी कुठल्या रंगाने चमकते ते मशीन बघतं आणि हवी ती बाजूला काढतं. आमच्या ह्यांना मी पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा म्हणाले, “म्हणजे धान्य निवडणं.” मी म्हटलं, “हो, सेकंदाला तीन हजार दाणे.” तेव्हापासून घरी कुणी माझी चौकशी केली की हे गंभीर चेहऱ्याने सांगतात, “ती निवडायला गेलीय.”

आजचं निवडणं मात्र साधं नव्हतं. पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. वितळवल्या की त्यातल्या काही मरतात, मेलेल्या फुटतात आणि त्यांचा चिकटा बाकीच्यांना धरून बसतो. गाळणी तरी कुठवर पुरणार? आणि ही शेवटची कुपी होती. एका बस ड्रायव्हरची. रक्ताचा एक फार दुर्मिळ आजार झालेला माणूस. त्याच्या हाडातला मगज काढून पाच कुप्या भरल्या होत्या. चार आधीच्या खटपटींत संपल्या. आणखी मिळणार नव्हता, कारण माणूसच राहिला नव्हता.

माझ्याकडे येणाऱ्या नळीवर नुसता आकडा असतो. माणूस कोण, हे मी कधी विचारत नाही. पण सकाळी मशीन लावताना बर्फवाली आपणहून बोलली होती. संमतीच्या कागदावर सही घ्यायला तीच त्याच्या खाटेपाशी गेली होती. “मी सगळं वाचून दाखवलं, बाई. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, ‘न्या पाहिजे तेवढं, पोरी, फक्त सांडू नका.’”

मी तोंड काढलं, धुतलं, भिंगाखाली बघितलं, पुन्हा धुतलं. तोवर जमा झालेल्या पेशींची नळी काढून बर्फात ठेवली आणि तिच्या जागी दुसरी, नवी नळी लावली. अडथळा आला की नळी बदलायची, ही माझी जुनी सवय. पहिल्या नळीत तीनशे बारा पेशी होत्या.

“अजून किती वेळ?” सरांनी विचारलं.

“बसवते, मग थोडी जुळवाजुळव—”

“बाई, तिकडे पेशी मरतायत. प्रत्येक मिनिटाला मरतायत.”

“सर, त्यांना करू द्या ना,” बर्फवाली पुटपुटली. पण तिच्या बोलण्याकडे त्या खोलीत कुणाचं लक्ष जायची पद्धत नव्हती. माझंही गेलं नाही.

मी तोंड बसवलं. धार सरळ पडली. पडद्यावर थेंब सकाळी जिथे तुटत होते तिथेच तुटताना दिसले. माझा हात बटणावर गेला. आकडा वाढू लागला तसा सरांनी श्वास सोडला आणि किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

सत्तर मिनिटांनी दुसऱ्या नळीचा आकडा एकोणीसशेवर थांबला आणि नमुना संपला.

“यातलं थोडंसं परत मशीनमधून सोडून बघते,” मी म्हटलं. “हवं तेच आलंय ना, याची खात्री.”

“किती जातील त्यात?”

“शंभरेक.”

“शंभर? छे! एकेक पेशी मोलाची आहे. आणि तुमच्या हातून चुकलंय कधी?”

हे ऐकून मी फुशारले, खोटं कशाला बोलू. ‘बरं’ म्हटलं. बर्फवालीने दोन्ही नळ्या बर्फात रोवल्या. पाच वाजता दोन्ही एकत्र करून विरघळवायच्या आणि मग त्यातला जनुकांचा मजकूर वाचायचा, असा बेत होता. ते दोघं वर गेले. तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी आवराआवर करायला घेतली. मशीन धुतलं, टेबल पुसलं, सकाळपासूनच्या रिकाम्या नळ्या गोळा केल्या. त्यात चाचणीच्या मण्यांची नळी हाताला लागली. हे मणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे चमकते कण. मशीन जुळवायला लागतात. मी रोज सकाळी त्यांच्या दोन नळ्या तयार करते. एक लगेच वापरायला आणि एक अडीअडचणीला.

हातातली नळी जड लागली. उजेडात धरली. काठोकाठ भरलेली होती.

अडचण तर आली होती. मग ही भरलेली कशी?

यात काय बिघडलं, ते सांगते. लेझर वर असतो. तो पेशी बघतो. ती पेशी धारेबरोबर खाली येते, तिथे धारेचे थेंब होतात आणि बरोबर तिचाच थेंब बाजूला ओढायचा असतो. वरच्या पहारेकऱ्याने ‘हा चोर’ म्हणायचं आणि खालच्याने ठरलेली पावलं मोजून हात टाकायचा, असा हा कारभार. मशीनचं तोंड काढून परत बसवलं की पावलं बदलतात. पडद्यावर थेंब कितीही तसेच दिसोत, मण्यांवर मोजून खात्री केल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवख्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी दटावून सांगते. मोजणी चुकली की चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि पडद्यावरचा आकडा मात्र वाढतच राहतो, कारण मशीन दिसलेले मोजतं, हाती आलेले नव्हे.

मी मोजलं नव्हतं. सत्तर मिनिटं सकाळच्या मापाने हात टाकत राहिले होते.

मी स्टुलावर बसले. घड्याळात चार चाळीस झाले होते. आणि आता जे सांगते ते मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. मी चार मिनिटं तशीच बसून राहिले. कुणाला कळणार होतं? माप तेच राहिलंही असेल, कधीकधी राहतं. नसलं तर निकाल विचित्र येतील, लोक म्हणतील पेशी थकलेल्या होत्या, गोठवण्यात दोष होता, आजारच तसा आहे. मण्यांची भरलेली नळी मोरीत ओतायला किती वेळ लागतो? गाळणीबाईंच्या हातून चूक होत नाही, हे बावीस वर्षांत कमावलेलं एवढंच तर माझ्यापाशी होतं. मला भयंकर भीती वाटली, आणि त्या भीतीचीच लाज वाटली.

मग आठवलं, की पाच वाजता ती पोरगी दोन्ही नळ्या एकत्र करणार आहे. पहिली नळी चांगली होती. तीनशे बारा का होईना, खऱ्या होत्या. त्यांच्यावर एकोणीसशे भलत्याच ओतल्या की मागे काहीच उरणार नव्हतं.

वर फोन लावला. वाजत राहिला. काम करताना त्यांचे हात हातमोज्यांत आणि काचेच्या कपाटात असतात, उचलणार कोण? लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडून होती. मी जिन्याने निघाले. माझे गुडघे महागाचे आहेत, मी ते जपून वापरते. त्या दिवशी नाही जपले. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी विचारलं, “बाई, आग लागली का?” मी चढतच राहिले.

दार ढकललं तेव्हा बर्फवाली काचेच्या कपाटाशी बसली होती. दोन्ही नळ्या उघड्या होत्या. दुसऱ्या नळीतलं पाणी तिने पिपेटमध्ये ओढून घेतलेलं होतं आणि तिचा हात पहिल्या नळीकडे चालला होता.

“थांब! हात हलवू नकोस!”

तिचा हात तिथेच थिजला. सर संगणकावरून उठले.

“काय झालं?”

“दुसरी नळी चुकीची असणार,” मी म्हटलं. धाप लागली होती, शब्द तुटत होते. “तोंड बसवल्यावर... मी माप घेतलं नाही. मणी तसेच राहिलेत. आधी तपासूया.”

बर्फवालीने हात मागे घेतला आणि ओढलेलं पाणी पुन्हा दुसऱ्या नळीत सोडलं. पहिलीला टोपण लावलं. तिचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते.

दोन्ही नळ्या बर्फात घेऊन आम्ही तिघं खाली आलो. आधी मण्यांवर मोजलं. माप हललेलं होतं. मग दुसऱ्या नळीतले काही थेंब मशीनमधून सोडले. पडद्यावर ठिपके उमटू लागले. हवे ते ठिपके उजवीकडे वर, चौकोनात यायला हवेत. ते सगळे खाली डावीकडे पडत राहिले. पन्नास. ऐंशी. शंभर. चौकोनात दोन.

“हव्या होत्या त्या कुठे गेल्या मग?” सरांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

“सांडपाण्याच्या बाटलीत. तिथे जंतुनाशक असतं.”

“म्हणजे गेल्या.”

“गेल्या.”

त्यांनी पडद्याकडे पाठ केली. मग म्हणाले, “बावीस वर्षं झाली ना तुम्हाला?”

मारलं असतं तर बरं वाटलं असतं. क्षणभर सगळं तोंडाशी आलं. मागे उभं राहून किल्ल्या कोण वाजवत होतं, शंभर पेशी कुणाला जड झाल्या होत्या.

“घाई तुमची होती, सर,” मी म्हटलं. “पण हात माझा होता. तसंच लिहिते नोंदवहीत. हात माझा होता, एवढंच.”

“तुम्ही वर आला नसता तर...” ते बोलता बोलता थांबले. “माझ्याही लक्षात आलं नसतं.”

“तीनशे बाराचं काय करायचं?” बर्फवालीने विचारलं.

“तीनशेत काय होणार? कोण छापेल?”

“मी करणार.” ती सरांकडे बघून बोलत होती. चार वर्षांत तिचा एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “कमी आहेत, पण त्यांच्याच आहेत. सही घेताना मी त्यांना म्हटलं होतं, सांडणार नाही.”

सरांनी हातानेच कर म्हणून सांगितलं आणि ते निघून गेले. पुढच्या महिन्याच्या त्यांच्या सगळ्या कामांसाठी त्यांनी शहरापलीकडच्या दुसऱ्या संस्थेचं मशीन ठरवलं, हे मला नंतर कळलं. वाईट वाटलं. रागही आला. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

बर्फवालीने पहिली नळी बर्फात खोल रोवली आणि डबा छातीशी धरला. दारात थांबली.

“बाई, हिचं काय करू?” दुसऱ्या नळीकडे बघत ती म्हणाली.

“राहू दे. मी बघते.”

माणसाच्या पेशी तशाच फेकायच्या नाहीत. जंतुनाशक घालून दहा मिनिटं ठेवायच्या, मग ओतायच्या, असा नियम आहे. मी हातमोजे चढवले, नळीत जंतुनाशक घातलं आणि घड्याळ लावलं. एरवी त्या दहा मिनिटांत मी चहा घेऊन येते. नळीत दिसण्यासारखं काहीच नव्हतं, स्वच्छ पाणी. स्टूल शेजारीच होतं. दहा मिनिटं होईपर्यंत मी तिच्याजवळ उभी राहिले.