'चुड़ैल का तबादला'ची नायिका

भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या एका हॉलमध्ये जुन्या कॉमिक्सचं प्रदर्शन भरलं होतं. दारातल्या मोठ्या पोस्टरवर एक चुडैल होती. विस्कटलेले केस, बटबटीत डोळे, बाहेर आलेले सुळे आणि काखेत सरकारी फाइल. सुहासिनी पोहनकरांनी ती ऐंशीच्या दशकात काढली होती, भोपाळमधल्याच बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये, पोळ्या आटोपल्यावर ओट्याशेजारी बसून.

शहरातल्या एका छोट्या प्रकाशकाला तेव्हा भयकथा हवी होती. सुहासिनीबाईंनी नेलेली चित्रं बघून त्यानं कपाळाला हात लावला. "बहनजी, ये भूत है या फूफाजी? डरेगा कौन?"

दुसरी कुणी हिरमुसून बसली असती. सुहासिनीबाई घरी येऊन हसत सुटल्या. घाबरवता येत नाही ना, मग हसवू या! करकरणारं दार, वटवाघळं, पछाडलेली हवेली, भयकथांतलं सगळं त्यांनी घेतलं आणि त्याची यथेच्छ टिंगल केली. त्यांच्या चुडैलीची नागपूरहून भोपाळला बदली होते. हवेली काही अलॉट होत नाही. कचेरीत खेटे घालून घालून शेवटी तीच किंचाळून बेशुद्ध पडते. 'चुड़ैल का तबादला' पोरांनी फाटेस्तोवर वाचलं. पुढे प्रकाशकाचं दुकान बंद झालं आणि सुहासिनीबाई शाळेत चित्रकला शिकवू लागल्या.

हे कॉमिक हुडकून काढलं आशयनं, प्रदर्शन भरवणाऱ्या तरुण संग्राहकानं. त्यानं बाईंना मानानं बोलावलं. त्यांचा नवरा मिलिंद सोबत होताच. पण नव्वदीला टेकलेल्या सासूबाई, शारदाबाई, याही काठी टेकत हट्टानं आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

भाषणानंतर कॉलेजातली एक मुलगी उठली. "मॅम, ये चेहरा कौनसी फॉरेन कॉमिक से लिया था?"

विचारण्यात खोच नव्हती. तरी सुहासिनीबाईंनी माईक या हातातून त्या हातात घेतला आणि पहिल्या रांगेकडे पाहिलं. खरं उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण भरल्या हॉलमध्ये, एवढ्या वयाच्या सासूबाईंच्या देखत ते कसं सांगायचं?

तेवढ्यात काठी आपटली.

"फॉरेन का काहे का? ये मेरा थोबाड है!"

"आई, बस ना," मिलिंद दबक्या आवाजात म्हणाला.

"तू गप रे!" शारदाबाई उठल्या, लोकांकडे वळल्या. अंबाड्याच्या पिना काढून त्यांनी पांढरे केस मोकळे सोडले, डोळे फाडले आणि घशातून असा काही चीत्कार काढला, की मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा चहा सांडला.

"दाँत इसने मन से लगाए," त्या म्हणाल्या. "बाकी सब मैं!"

हॉलमध्ये हास्याचा नुसता स्फोट झाला. माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

सुहासिनीबाईंना जुनी गोष्ट आठवली. कॉमिक छापून आलं तेव्हा शारदाबाईंच्या नागपूरच्या जावा-नणंदा कुजबुजल्या होत्या, सुनेनं सासूला चुडैल केलं म्हणून. शारदाबाईंनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं होतं, "माझ्या सुनेनं मला पुस्तकात घातलं. तुमच्या सुनांनी तुम्हाला कशात घातलं गं?" त्यानंतर कुणी ब्र काढला नव्हता.

सुहासिनीबाईंनी माईक तोंडाशी नेला. "ये मेरी सास हैं," त्या म्हणाल्या. "रोज़ शाम को अपना काम छोड़कर मेरे सामने खड़ी रहती थीं."

मग सह्यांसाठी झुंबड उडाली. शारदाबाई एकेक अक्षर ठसठशीत काढत होत्या, आणि एक चिमुरडी त्यांचा पदर ओढत म्हणत होती, "दादी, एक बार और डराओ ना!"

आशय पोस्टरखाली लावायची पाटी घेऊन आला. 'कथा व चित्रे' यापुढे सुहासिनीबाईंनी आपलं नाव लिहिलं. मग त्याखाली आणखी एक ओळ घातली, 'चुडैलीच्या भूमिकेत : शारदाबाई पोहनकर'.

शारदाबाईंनी ती पाटी आशयकडून मोठ्यानं वाचून घेतली. चष्मा पुसून पुन्हा एकदा स्वतः वाचली. मग मिलिंदला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? फोटो काढ."