सगळेच पायॉन

बैठकीच्या खोलीत खुर्च्या मुबलक होत्या. जागा नव्हती ती फक्त बांगडीवालीच्या डिटेक्टरला.

बांगडीवाली हे नाव सहकाऱ्यांनी तिला प्रेमाने दिलेलं. म्हणजे टोमण्याच्या जितकं जवळ जाता येईल, तितक्या प्रेमाने. तिचा डिटेक्टर म्हणजे वायूने भरलेली एक काळोखी पेटी. कणांची टक्कर झाली की तुकडे चौफेर उधळतात. त्यातला एखादा या वायूत प्रकाशालाही मागे टाकून धावला, की अंधूक उजेड सांडत जातो आणि आतल्या आरशांवरून वळून समोरच्या भिंतीवर त्या उजेडाचं कडं उमटतं. सारख्याच जोराने आलेल्या दोघांत हलक्या पायॉन कणाचं कडं मोठं, जडशा केऑन कणाचं लहान. मापावरून पाहुणा ओळखायचा, एवढंच पेटीचं काम. पण टकरी टिपणाऱ्या त्या अवाढव्य यंत्रात आतले माग काढणारे आणि बाहेरचे ऊर्जा मोजणारे ऐसपैस पसरलेले, आणि मधल्या मीटरभर जागेत ही अंग चोरून बसलेली. जो अंग चोरून बसतो, त्यालाच आधी ‘जरा सरक’ म्हणतात, हे काही घरापुरतंच खरं नाही.

सरकायला सांगणारे होते चिरंजीव. प्रयोगाचे प्रमुख असलेल्या सरांचे ते कोणी लागत नव्हते. सर त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत, त्यावरून हे नाव पडलेलं. बांगडीवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि इकडे चिरंजीवांनी एक प्रोग्राम जन्माला घातला. तिच्या लेकीपेक्षा त्याचंच कोडकौतुक जास्त झालं. नुसत्या मागांवरून तो कण ओळखतो म्हणे! मग पेटी हवी कशाला? ती काढायची आणि तिथे नव्या केबली टाकायच्या. समिती आज दुपारी काय तो निकाल लावणार होती.

“ओळख आधीच पक्की ठाऊक असलेले कण प्रोग्रामला दिले,” चिरंजीव पडद्याकडे बोट करून म्हणाले, “आणि शंभरातले जवळजवळ नव्वद बरोबर!”

टाळ्या झाल्या. सर तिच्याकडे वळले. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. उलट आता घरी वेळ देता येईल.”

लग्नाआधीपासून जिच्या एकेका आरशावर हात फिरवला, ती पेटी जाणार आणि वर आभार मानायचे! ती नुसती हसली. रडू आवरायला तेच सोपं होतं.

चहाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. मागे लेकीने टाहो फोडलेला.

“भूक लागली असेल गं.”

“पाजलंस ना मघाशी?”

“दोनदा पाजलं. तरी भूकच असेल.”

“अरे, तुला दुसरं काही सुचतच नाही का?”

“बहुतेक वेळा भूकच असते की! माझा अंदाज चुकलाय कधी?”

“कान ओढतेय का बघ.”

फोनवर क्षणभर नुसतं रडणं. मग दबका आवाज, “हो गं. डावा. आणि अंगही तापलंय.”

“मग बाटली ठेव आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने.”

फोन ठेवला तरी ती कॉरिडॉरमध्येच उभी राहिली. बहुतेक वेळा भूकच असते. बहुतेक वेळा पायॉनच असतो.

आत येऊन तिने खुर्ची ओढायच्या आधीच विचारलं, “त्या नव्वदांत केऑन किती सापडले?”

“केऑन मुळात कमीच असतात,” चिरंजीव म्हणाले.

“ते मला ठाऊक आहे. सापडले किती?”

“नगण्य.”

“म्हणजे एक? दोन?”

चिरंजीवांनी पडद्यावरचा तक्ता वर नेला, खाली नेला. समितीतल्या म्हाताऱ्या बाईंनी चष्मा पुसून घातला आणि म्हणाल्या, “अहो, इथे तर सगळ्यांनाच पायॉन म्हटलंय!”

“तेच तर,” बांगडीवाली म्हणाली. “गर्दी पायॉनचीच असते, त्यामुळे डोळे मिटून पायॉन म्हटलं तरी एवढे गुण पडतात. पण ज्यांच्यासाठी आपण हा डोंगर उपसतोय, ते केऑन एकूणएक हुकले. ओळखायला शिकवायचं, तर आधी त्याला खरे केऑन दाखवावे लागतील. ते दाखवणार कोण?”

पण सर पडले सर. पडले तरी पायांवरच पडायचे.

“म्हणजेच, प्रोग्रामच्या पुढच्या प्रगतीसाठी पेटी आवश्यक आहे,” ते म्हणाले. “चिरंजीवांच्या कामातून निघालेला हा फार मोलाचा निष्कर्ष आहे.”

चिरंजीवांनी नम्रपणे मान झुकवली.

“मग लिहून घ्या,” सर लेखनिकाला म्हणाले, “पेटी प्रोग्रामची साहाय्यक म्हणून राहील. केबलींसाठी थोडी जागा सोडून, साधारण पाऊण मीटर...”

“साहाय्यक लिहा, मदतनीस लिहा, हरकाम्या लिहा,” ती म्हणाली, “मीटर मात्र पूर्ण लिहा. पाऊण मीटरमध्ये कडं उमटेल, पण लहान-मोठं कळणार नाही. मग माझी पेटीही सगळ्यांना पायॉनच म्हणेल.”

म्हाताऱ्या बाई खुदकन हसल्या. लेखनिकाने सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे.

“पूर्ण,” सर म्हणाले.

लेखनिक लिहीपर्यंत ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली.