इथे पहिला नंबर

इंद्रनीलने गाण्याचा तुकडा वाजवून थांबवला आणि स्क्रीनवरच्या तीस-चाळीस चौकोनांना विचारलं, "स्वीडनच्या या चौकडीचं हे गाणं आयर्लंडच्या चार्टवर कितव्या नंबरपर्यंत चढलं होतं?"

आयर्लंडमधल्या मराठी मंडळाची संक्रांत यंदा झूमवरच होती, आणि होस्ट होता इंद्रनील. लॉकडाऊनमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. त्यामुळे सँट्रीतली निशिगंधा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला ल्यूकनमध्ये राहणारा तिचा होणारा नवरा इंद्रनील नाताळानंतर भेटलेच नव्हते. तिने काळा कुर्ता घातला होता, शेजारी तिळाच्या वड्यांची बशी होती. तिने उत्तर लिहिलं: एक.

"बरोबर उत्तर, तीन!" इंद्रनील म्हणाला.

निशिगंधाने माइक सुरू केला. "इंद्रा, तीन ब्रिटनमध्ये. इथे एक."

"मी चेक केलंय, मॅडम."

"कुठल्या चार्टवर?"

"यूकेच्या. तेच ते गं."

"तेच ते कसं? इथला चार्ट वेगळा निघतो. माझी घरमालकीण तेव्हा रेकॉर्डच्या दुकानात कामाला होती. ती म्हणते, तिकडे तिसरं राहिलं असेल, आम्ही ते पहिलं आणलं. आणि नुसतं तिच्यावर नाही विसंबले, इथल्या चार्टच्या साइटवर स्वतः पाहिलं."

"अरे, दे तिला मार्क," मंडळाचा अध्यक्ष विशाल म्हणाला, "नाहीतर लग्नानंतर व्याजासकट घेईल!"

सगळे हसले. इंद्रनील सगळ्यांत जास्त.

तेच ते. निशिगंधा दिवसभर औषधांमधल्या अशुद्धी मोजायची. दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत म्हणून तिथे कोणी 'तेच ते' म्हणालं असतं, तर त्याला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पाऊल टाकू दिलं नसतं. आणि हा माणूस बुधवारी फोनवर म्हणाला होता, मँचेस्टरहून नोकरीची ऑफर आलीय. विचार करू दे, ती म्हणाली होती, आत्ता कुठे मला स्वतंत्र काम मिळालंय. "तिथेही औषधांच्या कंपन्या आहेतच की," तो म्हणाला होता. "तेच ते."

"निशी, सोड गं तो मार्क," इंद्रनीलच्या चौकोनात त्याची आई डोकावली. विमानं बंद झाल्यापासून वसुधाकाकू ल्यूकनलाच अडकल्या होत्या. "पुढच्या संक्रांतीला मँचेस्टरमध्ये हलव्याचे दागिने घालायचेत मला तुला."

"मँचेस्टर? काय सांगता!" "अरे, अभिनंदन!" "पार्टी कधी?" चौकोनाचौकोनांतून आवाज उठले. निशिगंधाच्या कानशिलांवर चटका बसल्यासारखं झालं.

"तू होकार कळवलास?"

"अगं, नंतर बोलू ना आपण."

"कधी कळवलास?"

"काल. शेवटचा दिवस होता."

"मी विचार करते म्हणाले होते."

"करशील की! मार्चपर्यंत वेळ आहे."

"विचार करायला, की सामान बांधायला?"

कोणीतरी खोकलं. "निशी, आज तरी गोड बोल गं बाई," काकू म्हणाल्या.

"गोडच बोलतेय, काकू. ओरडले कुठे अजून? माझी नोकरी, माझं परमिट, माझं घर, यातलं एक तरी विचारलं का यानं? इंद्रा, ऐक, मी काही—"

स्क्रीनवर पाटी आली. होस्टने तुम्हाला म्यूट केलं आहे.

तिचे ओठ दोन शब्द तसेच हलले. मग तिला स्वतःचाच चौकोन दिसला: उघडं तोंड आणि कोपऱ्यात माइकवर तांबडी रेघ.

"सॉरी हं मंडळी," इंद्रनील हसत म्हणाला, "लग्नाआधीच ट्रेलर! चला, पुढचा प्रश्न."

त्याने खरंच पुढचं गाणं लावलं. तेही त्या चौकडीचंच, टाळ्या वाजवायला लावणारं. दोन चौकोनांत पोरं नाचायला लागली.

निशिगंधाने चॅट उघडलं. वर 'सर्वांना' आहे ना, हे दोनदा पाहिलं. मग सावकाश टाइप केलं.

'गाण्याचा इथे पहिला नंबर. मी मँचेस्टरला येणार नाही. लग्नही करणार नाही. तिन्ही गोष्टी नीट तपासून लिहिते आहे.'

गाणं मध्येच बंद झालं. एकेका चौकोनातली मान पुढे आली, डोळे बारीक झाले.

"काय लिहिलंय रे तिनं?" काकू विचारत होत्या. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही. इंद्रा, वाच ना."

इंद्रनीलने वाचलं नाही. निशिगंधाच्या स्क्रीनवर नवी पाटी आली. होस्टची विनंती आहे, तुम्ही अनम्यूट व्हावं.

तिने ती पाटी बाजूला सारली, 'लीव्ह' दाबलं आणि तिळाच्या वड्यांची बशी घेऊन खाली घरमालकिणीकडे गेली.